रेनोची चार लाल ड्रिलं

रेनो कंगासकडे चार ड्रिलं होती. चारही लाल, चारही एकाच कंपनीची आणि एकाच मापाची. कामावर पोचला की तो ट्रकच्या मागच्या फळीवर ती ओळीने मांडायचा. एकाची बॅटरी उतरली की ते खाली ठेवायचं आणि दुसरं उचलायचं. बघणाऱ्याला वाटावं, काय या माणसाचं लाल रंगावर प्रेम आहे! रेनोही लोकांना तसं वाटू द्यायचा. "बॅटऱ्या बदलत बसायला मला वेळ नाही," तो म्हणायचा, "मला काम असतं."

खरी गोष्ट अशी होती की रेनोला बॅटरी काढताच येत नव्हती.

लाल ड्रिलची बॅटरी काढायची तर तिच्या दोन्ही बाजूंची बटणं एकदम चिमटीत दाबावी लागतात. ज्याचे अंगठे धड आहेत त्याला यात काहीच नाही, शाळेतली मुलगीसुद्धा काढेल. पण रेनोचा उजवा अंगठा गेली दोन वर्षं मुळापाशी असा सुजला होता की चिमूट म्हटली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. डावा अंगठा उजव्याचाच भाऊ. पंचेचाळीस वर्षं सुतारकाम केल्यावर अंगठ्यांनी एवढी तक्रार करावी यात नवल नाही, पण रेनोला ते कबूल नव्हतं. म्हणून ही चार ड्रिलं. घरी गेल्यावर दार लावून, हात कढत पाण्यात बुडवून तो सावकाश एकेक बॅटरी सोडवायचा, चार्जरला लावायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

लपवण्याचं कारण होतं एक खुर्ची.

गावातल्या चर्चची पाच जणांची एक टोळी होती. कुणाचं पाऊल जायबंदी झालं, कुणी व्हीलचेअरवर आलं, की टोळीने शनिवारी सकाळी त्याच्या घरी जायचं आणि दिवस मावळायच्या आत दारापुढे लाकडी रॅम्प बांधून द्यायचा. पैसे घ्यायचे नाहीत, कॉफी मात्र हवी तेवढी प्यायची. सगळ्यात तरुण होती मार्लिस, वय वर्षं सहासष्ट. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. टोळीचा मुकादम रेनो, आणि नियम त्याचेच. त्यातला एक नियम असा की स्वतःची बॅटरी ज्याला स्वतः बदलता येत नाही त्याने ड्रिल खाली ठेवायचं.

हा नियम सात वर्षांपूर्वी झाला तो ओन्नी हेइक्किलासाठी. ओन्नी तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. रेनोला करवत धरायला त्यानेच शिकवलेलं. त्या दिवशी त्याने दोनदा रेनोपुढे ड्रिल धरलं, "एवढी बॅटरी काढून दे रे." शिवाय सारखा त्या घराच्या न्हाणीघरात जाऊन बसत होता. पाऊस येऊ घातलेला, काम अर्धं राहिलेलं. रेनोने ट्रकमधली घडीची खुर्ची काढली, अंगणात उघडली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ओन्नी, तुम्ही आता बसा." हातात कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरलेले सरमिसळ स्क्रू दिले. लांब एकीकडे, आखूड एकीकडे.

ओन्नी बसला. दोन वर्षं दर शनिवारी येऊन त्याने स्क्रू निवडले आणि मग तो यायचा बंद झाला.  पण ती खुर्ची रेनोच्या ट्रकमध्ये अजून होती, आणि हल्ली ती दिसली की रेनो तिच्यावर ताडपत्री ओढायचा.

त्या वर्षी सप्टेंबरात टोळीला नवी हत्यारं घ्यायला देणगी मिळाली आणि भांडणाला तोंड फुटलं. तोवर प्रत्येकजण आपापलं हत्यार आणायचा, त्यामुळे एका अंगणात दोन रंग नांदायचे. लाल बॅटरी पिवळ्यात बसत नाही, पिवळी लालमध्ये बसत नाही. गेल्या खेपेला तर एका बाईच्या ओसरीवर विजेचं एकच सॉकेट होतं आणि त्यासाठी दोन चार्जर. रेनो आणि त्याचा मेहुणा वेन तिथे असे भांडले की ती बाई दोघांनाही केक देऊन शांत करत होती. देणगी देणाऱ्यांनी अट घातली, एकच रंग ठरवा.

वेन पिवळ्याचा. सहा वर्षांपूर्वी एका आठवड्यात त्याने सगळी लाल हत्यारं विकून पिवळी घेतली होती, आणि तेव्हापासून रेनो त्याला फितूर म्हणायचा. टोळीतल्या सालो बंधूंपैकी थोरला अर्नी लाल, धाकटा कार्ल पिवळा. एकाच घरात राहतात, आणि ओट्याच्या दोन टोकांना दोन चार्जर. उरली मार्लिस. तिने ट्रकवर हात आपटून निकाल दिला.

"तुमच्या बडबडीवर मी मत देणार नाही. पुढचा रॅम्प आहे त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी लाल वापरायचं, जेवणानंतर सगळ्यांनी पिवळं. माणशी एक ड्रिल, दोन बॅटऱ्या. तीनच्या कॉफीला हात वर करायचे."

"माझी चार ड्रिलं?" रेनोने विचारलं.

"तीन वाटून टाक. एवढी कशाला लागतात रे तुला? हात किती आहेत तुला?"

 रेनोने आठवडाभर चालढकल केली. कधी म्हणे सर्दी झाली, कधी म्हणे लाकूड ओलं आहे. आणि मग शनिवारी तो वेनच्या साउनात गेला.

तळ्याकाठी वेनची साउना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, आणि शनिवारी तिथे जायचं म्हणजे जायचं. आधी बायका, मग पुरुष. दगडांवर पाणी पडलं की वाफ कानशिलं भाजत वर चढते. रेनो तिथल्या वरच्या फळीवर तास दीड तास बसला, तळ्यात बुडी मारून आला, परत बसला. शेवटी टॉवेल गुंडाळून बाहेर ट्रकपाशी उभा राहिला असता त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक ड्रिल उचललं आणि बटणं दाबली. बॅटरी टपकन हातात आली.

त्याने परत बसवली, परत काढली. पाच वेळा काढली. कळ नाही, काही नाही.

"रेनो," वेनने दारातून हाक मारली, "टॉवेलवर ड्रिल घेऊन काय चाललंय?"

"थंडीत कसं चालतं ते बघतोय."

"शेजारीण बघतेय. आत ये."

आता तास दीड तास कढत वाफेत भिजलेला अंगठा नरम पडणारच, हे कुणाही माणसाच्या ध्यानात आलं असतं. पण रेनो जन्मल्यापासून दर शनिवारी साउनात बसत आलेला. त्याच्या लेखी साउना म्हणजे काही औषध नव्हे, साउना म्हणजे शनिवार. तो धरून चालला की अंगठा बरा झाला. त्याच संध्याकाळी त्याने मार्लिसला फोन केला, "तुझी परीक्षा मला मंजूर. कुणाचा रॅम्प आहे?"

"ओन्नीचा," मार्लिस म्हणाली. "कंबरेचं हाड मोडलंय त्यांचं. तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. रेनोने विचारलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातला गवतावर पांढरं दंव होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ओन्नी व्हीलचेअरवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन ओसरीच्या दारात बसला होता. पंच्याऐंशीचा झाला होता, पण डोळे तेच, लाकडातली गाठ दहा पावलांवरून ओळखणारे.

"ये रेनो," तो म्हणाला. "उतार किती धरलास?"

"फुटाला इंच."

"बरोबर." एवढंच बोलून तो आत वळला. रेनोने सातवीतल्या मुलासारखी मान खाली घालून खांबांच्या खुणा केल्या.

काम छान लागलं. वेनसुद्धा लाल ड्रिल हातात घेऊन गप्प होता, आणि गप्प वेन म्हणजे रेनोला मोठंच सुख. साडेनऊपर्यंत चौकट उभी राहिली. दहाला रेनोच्या ड्रिलने आचका दिला. बॅटरी संपली.

त्याने मोठ्या विश्वासाने बटणं दाबली. कळ अशी गेली की डोळ्यांत पाणी आलं. त्याने पुन्हा दाबली, मग ड्रिल गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी दाबली. बॅटरी ढिम्म. "नवी बॅटरी आणतो," असं कुणाकडेही न बघता पुटपुटून तो घराच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथे भिंतीशी उभा राहून त्या ड्रिलशी झटू लागला. त्याला खरोखर भीती वाटत होती. ट्रकमधली खुर्ची, ताडपत्री, डब्यातले स्क्रू, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. उद्यापासून शनिवारी करायचं काय, हा विचार त्याने दोन वर्षं टाळला होता आणि आता तो समोर येऊन उभा होता.

डोक्यावरची खिडकी उघडली.

"आत ये," ओन्नी म्हणाला. "मागचं दार उघडं आहे."

 स्वयंपाकघरात ओन्नीने सिंकमध्ये गरम पाणी सोडलं आणि बोट दाखवलं. "घाल हात. मनगटापर्यंत. शंभर मोज."

रेनोने हात घातला.

"मी लोकांच्या न्हाणीघरात जाऊन हेच करायचो," ओन्नी म्हणाला. "गरम पाण्याचा नळ सोडायचा आणि उभं राहायचं. तुला वाटायचं म्हातारा कॉफी फार पितो, म्हणून सारखा लघवीला जातो."

रेनो मोजत होता, तो तिसावर थांबला. न्हाणीघराची ती चेष्टा त्यानेच तेव्हा सगळ्यांना सांगितली होती आणि सगळे हसले होते. त्याला इतकी लाज वाटली की हात पाण्यातून बाहेर काढावा की नाही हेही सुचेना.

"मी तुम्हाला खुर्चीत बसवलं," तो म्हणाला.

"बसवलंस."

"सगळ्यांसमोर."

"हो. सगळ्यांसमोर."

"चुकलं माझं, ओन्नी. तेव्हाच यायला हवं होतं सांगायला. पाच वर्षं इथून ट्रक नेताना मी तुमच्या घराकडे बघत नव्हतो."

"मी बघायचो," ओन्नी म्हणाला. "तुझा मागचा दिवा फुटलाय. मोज पुढे, पाणी निवतंय."

शंभर झाल्यावर बॅटरी निघाली. ओन्नीने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि टेबलावर ठेवली. "बाहेर काय सांगणार आहेस?"

"माहीत नाही."

"मी काही बोलणार नाही," ओन्नी म्हणाला. "माझं फक्त रॅम्पशी काम आहे."

जेवायला मार्लिसने मटण-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या आणल्या होत्या, आणि वेलदोड्याचा गोड पाव. रेनोने अर्धीच पेस्टी खाल्ली. मग मार्लिसने पिवळी ड्रिलं वाटली. रेनोने आपलं असं हातात घेतलं जसा जावई सासुरवाडीतलं कारलं पानात घेतो. जरा जड वाटलं. मूठही त्याच्या हाताची नव्हती. पण त्याने कुणाचं लक्ष नाही बघून बॅटरीचं बटण शोधलं. एकच होतं, पाठीमागे. चिमटीत धरायची गरजच नव्हती. तळहाताची टाच त्यावर टेकवली, दाबली, आणि बॅटरी सरकून दुसऱ्या हातात आली.

थंड अंगठा, थंड हवा, आणि तरी बॅटरी हातात. रेनोला आनंद झाला आणि त्या आनंदाचा रागही आला. वीस वर्षं लालच वापरणारा माणूस तो. सहा वर्षं मेहुण्याला फितूर म्हणत आलेला. दुपारभर त्याने पिवळ्या ड्रिलने फळ्या बसवल्या, दोनदा बॅटरी बदलली, सगळ्यांच्या मध्ये उभं राहून बदलली. दोन वर्षांत असं त्याने केलं नव्हतं. फळी सरळ बसत गेली, ऊन ओसरीवर आलं, आणि आपण शीळ घालतोय हे त्याला कार्ल सालोने वळून बघितल्यावर कळलं.

तीन वाजता रॅम्प झाला, फक्त कठडा राहिला होता. मार्लिसने कॉफी ओतली. ओन्नी दारात येऊन बसला.

"हं," मार्लिस म्हणाली. "लालला कोण?"

अर्नी सालोने हात वर केला. सगळे रेनोकडे बघत होते. रेनोने हात वर केला नाही.

"झोपलास काय?" वेन म्हणाला.

रेनोने कप खाली ठेवला. "यंत्र लालच चांगलं," तो म्हणाला. "हे मी आजही म्हणेन आणि मरेपर्यंत म्हणेन. पण मला त्याची बॅटरी काढता येत नाही. अंगठा गेलाय. दोन वर्षं झाली. चार ड्रिलं घेतली ती त्यासाठी, म्हणजे तुमच्यासमोर बदलायला नको. नियम माझाच आहे. तेव्हा खुर्ची काढा, नाहीतर पिवळं घ्या. माझं मत पिवळ्याला."

 मग मार्लिस म्हणाली, "एक खुर्ची पुरणार नाही."

"काय?"

"माझीही नाही निघत लालमधली बॅटरी. चाळीस वर्षं बसचं चाक फिरवलंय, रेनो. आज सकाळी मी पक्कड लावून काढली, टूलबॉक्सच्या आड."

अर्नी सालो सहसा बोलत नाही. त्याने भावाकडे बोट केलं. "घरी माझ्या बॅटऱ्या हाच काढतो."

"रोज," कार्ल म्हणाला. "आणि वर मला पिवळा म्हणून हिणवतो."

रेनो वेनकडे वळला. वेन कॉफीत बघत होता. "मी सहा वर्षांपूर्वी रंग बदलला तो काय रंग आवडला म्हणून?" तो म्हणाला. "मला पिवळा रंग अजिबात आवडत नाही. काविळीसारखा दिसतो."

"मग सांगायचं नाही का, गाढवा?"

"कुणाला सांगू? खुर्ची तुझ्याच ट्रकमध्ये होती."

 सहा वर्षं ज्याला फितूर म्हटलं तो बापडा अंगठा लपवत होता. आधी मार्लिस हसली, मग कार्ल, आणि शेवटी दारातून ओन्नीचा तो खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला. रेनोही हसला. दोन वर्षांचं ओझं असं एका कॉफीत उतरलं याचं त्याला हसू येत होतं, आणि छातीत मोकळं मोकळं वाटत होतं.

"पिवळं," मार्लिसने वहीत लिहिलं. "आणि तो नियम?"

"नियम खोड," रेनो म्हणाला.

मग तो पिवळं ड्रिल घेऊन दाराशी गेला आणि ते ओन्नीच्या गुडघ्यांवरच्या घोंगडीवर ठेवलं. "कठडा राहिलाय," तो म्हणाला. "तुमच्या बसल्या हाताच्या उंचीला येतो. आम्हाला वाकावं लागेल."

ओन्नीने ड्रिलकडे बघितलं, रेनोकडे बघितलं. तळहाताची टाच बटणावर टेकवून बॅटरी काढली, बसवली, परत काढली. मग बसवली आणि नव्या रॅम्पवरून व्हीलचेअर स्वतः ढकलत पहिल्या खांबापाशी गेला. चाकं कुठे अडखळली नाहीत.

"स्क्रू कोण देणार?" त्याने विचारलं.

रेनो ट्रककडे गेला. त्याने ताडपत्री काढली, घडीची खुर्ची बाहेर ओढली, आणि तो कॉफीचा डबा घेतला. रॅम्पवर ओन्नीच्या शेजारी त्याने खुर्ची उघडली आणि बसला. खुर्ची जरा कुरकुरली, बाकी काही वाईट नव्हती. डबा मांडीवर घेऊन त्याने स्क्रू निवडायला सुरुवात केली.

"लांब," ओन्नी म्हणाला.

रेनोने लांब दिला.

"आखूड."

रेनोने आखूड दिला. वेन मागून काहीतरी बोलणार होता, मार्लिसने त्याच्या पायावर पाय दिला. असे दहा खांब झाले. अकराव्याला ड्रिल मंदावलं आणि थांबलं. रेनोने सवयीने हात पुढे केला.

"हात मागे घे," ओन्नी म्हणाला, आणि त्याने बॅटरी स्वतः बदलली.